लहानपणीचे आजार : नाही

११ फेब्रुवारी

वहिनी,

या नावाने हाक मारायचा मला आता हक्क नाही, हे कळतं. पण नुसतं तुझं नाव लिहायला घेतलं तर हात अडला. चार वर्षांनी पत्र येतंय आणि तेही माझं, म्हणून न वाचता फाडू नकोस. आधी वाच, मग फाड. फोन केला असता तर तू ठेवून दिला असतास आणि माझी पुन्हा करायची हिंमत झाली नसती. तू कवळ्या बनवणाऱ्यांकडे काम करतेस एवढं कानावर आलं होतं. पत्ता आमच्या दातांच्या डॉक्टरांनी दिला.

मी अजून शाळेच्या ऑफिसातच आहे, त्याच टेबलाशी, त्याच खडखडणाऱ्या प्रिंटरच्या शेजारी. गेल्या आठवड्यात वरच्या वर्गांत गालगुंडाची साथ आली. आधी तीन मुलं, मग नऊ, सोमवारी सतरा. पालकांसाठी सूचना काढायला शाळेच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्या सांगत होत्या, मी टाइप करत होते. विषाणूमुळे होतो, थुंकीतून, खोकल्यातून पसरतो, कानाखाली सूज येते, सूज दिसल्यापासून पाच दिवस घरी ठेवा, पाण्याचा पेला वेगळा ठेवा. माझी बोटं आपली चालली होती. मग त्या म्हणाल्या, "पुढचं जाड अक्षरात घ्या. वयात आलेल्या मुलांमध्ये कधी कधी हा विषाणू वृषणांपर्यंत पोचतो. तिथे सूज आली, दुखू लागलं, तर मुलाने लाजू नये, लगेच सांगावं."

मी सहज विचारलं, "इतकं काय होतं त्याने?"

"बहुतेक मुलं बरी होतात. पण दोन्ही बाजूंना जोराची सूज आली असेल, तर पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. सगळ्यांना नाही, क्वचितच. पण येते."

माझे हात तसेच राहिले. बाईंना वाटलं मी पुढच्या वाक्याची वाट बघतेय.

आमचा धाकटा सतरा वर्षांचा होता तेव्हा. मी बावीसची. आधी गाल फुगले, आम्ही त्याला हसलो, आरशात बघून तोही हसला. पाचव्या दिवशी ताप चढला आणि तो पाय फाकवून चालायला लागला. तोवर कपाळावर पट्ट्या मीच ठेवत होते. त्या दिवसापासून आईने मला त्या खोलीत येऊ दिलं नाही. अकरा दिवस तो अंथरुणाला खिळून होता. डॉक्टर निघाले तेव्हा आई त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेली आणि कितीतरी वेळ वर आली नाही. मला सांगितलं, पोटात गाठ आली होती, कुणापाशी बोलू नकोस. मी एकवीस वर्षं बोलले नाही. लपवलं म्हणून नव्हे, विसरूनच गेले होते.

तुझं आणि धाकट्याचं लग्न सात वर्षं टिकलं आणि त्या सात वर्षांत तुझं काय काय झालं ते मी जवळून पाहिलं. शेवटी सगळे जमले होते, तेव्हा "आमच्या घरात आजवर असं कुणाचं झालेलं नाही" हे वाक्य माझंच होतं. तुला आठवत असेल. मला ते त्या टेबलाशी बसल्या बसल्या आठवलं.

मला एवढंच सांग, त्याची तपासणी कधी झाली होती का?

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

पत्र फाडलं नाही. दोन दिवस ऍप्रनच्या खिशात घेऊन फिरले. आमच्याकडे चार टेबलं आहेत, एक भट्टी आहे आणि गावभरच्या म्हाताऱ्यांचं हसू आम्ही आधी मेणात तयार करतो. तुमचं पत्र उघडलं तेव्हा मी साच्यात मेण ओतत होते. ते काठावरून टेबलावर आलं, टेबलावरून माझ्या चपलेवर, आणि मी नुसती बघत राहिले. मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, भाजशील." भाजलं होतंच.

गालगुंडाचं मला कुणीही, कधीही सांगितलं नाही. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी आम्हा दोघांना एकेक फॉर्म दिला होता. त्यात "लहानपणीचे आजार" असा रकाना होता. मी माझ्या फॉर्मवर गोवर, कांजिण्या, कावीळ, दर थंडीत ओठावर येणारा पुरळ, सगळं लिहिलं. जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूला लिहिलं. त्याने एक शब्द लिहिला, "नाही". मी बाजूलाच बसले होते. म्हटलं, "काहीच नाही?" तो म्हणाला, "आमच्याकडे सगळे ठणठणीत."

तुम्हाला एक गोष्ट माहीत नसावी. मला मुलगी आहे, दीड वर्षाची. आम्ही तिला ठकी म्हणतो. दुसऱ्या लग्नानंतर आठ महिन्यांत दिवस राहिले. गोळी नाही, इंजेक्शन नाही, काही नाही. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, दुसऱ्या कुणाचा तरी रिपोर्ट माझ्या फाइलला लागला असेल, पुन्हा बघा. आनंद व्हायला मला तीन आठवडे लागले. आधी नुसतं घाबरायला झालं. वाटलं, म्हणजे तेव्हा मीच कुठेतरी कमी पडले. नीट आराम केला नाही, नीट गोळ्या घेतल्या नाहीत.

पण ताई, तुमचं म्हणणं बसत नाही. त्याची तपासणी झाली होती आणि चांगली आली होती. शुक्राणू चार कोटी. डॉक्टरांनी कागद वर धरला आणि म्हणाले, "यांच्याकडे काही नाही. आता तुमच्याकडेच बघायला हवं." त्या "तुमच्याकडेच" नंतर दुर्बिणीच्या तपासणीसाठी माझ्या पोटाला तीन भोकं पडली, दोन वेळा. एकदा नळीतून रंग सोडून फोटो काढले, तेव्हा मी टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की नर्सला माझी बोटं एकेक करून सोडवावी लागली. आणि तुमच्या आई दर महिन्याला कॅलेंडरवर फुली मारत होत्या, स्वयंपाकघरात, सगळ्यांना दिसेल अशी.

फाइल माझ्याकडे आहे. का ठेवली ते विचारू नका. रिपोर्टची झेरॉक्स सोबत पाठवते, प्रयोगशाळेच्या अर्जासकट. बघा, आणि हे इथेच थांबवा.

कोणे एके काळची वहिनी


६ मार्च

वहिनी,

रिपोर्ट पाहिला. मग त्यामागचा अर्ज पाहिला. नाव धाकट्याचं, वय धाकट्याचं, पत्ता माझ्या माहेरचा, खाली सही धाकट्याच्या नावाची. अक्षर माझ्या घरातलं.

यांचा "ल" तू पाहिला आहेस. दुकानांच्या पाट्या रंगवून रंगवून साध्या चिठ्ठीतसुद्धा तो तसाच उतरतो, दोन्ही पोटं गोल आणि शेपटी खाली ओढलेली. त्या अर्जावर चार "ल" आहेत. मी चारही मोजले. मग परत पहिल्यापासून मोजले.

तशीच यांच्या गाळ्यावर गेले. भर दुपार होती. एका औषधांच्या दुकानाची पाटी चालू होती, निम्मी रंगवून झाली होती. मी कागद पाटीवरच ठेवला, ओल्या रंगावर. यांनी पाहिला. ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात ठेवला आणि चिंधीला हात पुसायला लागले. पुसतच राहिले.

"अक्षर कुणाचं आहे?" मी विचारलं.

"त्याने आधी दुसरीकडे तपासून घेतलं होतं, एकट्याने. शून्य आलं. इथे आला, त्या डब्यावर बसला आणि रडला. म्हणाला, आईला कळलं तर ती मरेल, बायकोला कळलं तर मी मरेन. मी म्हटलं, माझ्या नमुन्याची एक डबी तर नेऊन द्यायची आहे."

"आणि तिचं काय?"

"वाटलं, डॉक्टर दोघांनाही चांगलं म्हणतील आणि विषय मिटेल. तिला इतकं कापतील असं वाटलं नव्हतं."

"कापलं ते दिसलं ना? तेव्हा का नाही बोललात?"

"तोवर फार पुढे गेलं होतं."

मी निघाले होते. दारातून का वळले ते मलाही माहीत नाही. विचारलं, "एकदाच ना?"

हे पाटीकडे वळले. मग म्हणाले, "गेल्या वर्षी परत."

वहिनी, धाकट्याचं दुसरं लग्न होऊन तीन वर्षं झाली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, तिला सगळे चष्मेवालीच म्हणतात. कमी बोलते. मला आवडते. तिच्या दारात आता तेच सगळं सुरू झालंय, गोळ्या, इंजेक्शनं, कॅलेंडर. अठ्ठावीस तारखेला तिची दुर्बिणीची तपासणी आहे, लागलं तर तिथेच ऑपरेशन.

आईकडेही गेले होते. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "डॉक्टर म्हणाले होते, होऊ शकतं. होईलच असं नव्हते म्हणाले."

"आणि तू सात वर्षं हिला बोलत राहिलीस?"

"मग कुणाला बोलू? त्याला?" एवढंच म्हणाली आणि पुढची घडी घातली.

मी घरी येऊन भाजी चिरायला बसले आणि अर्ध्या तासाने पाहिलं तर एकच बटाटा चिरून झाला होता. मी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. काय करू?

ताई


१० मार्च

ताई,

तुमचे यजमान. माझ्या दुसऱ्या तपासणीनंतर दवाखान्यातून मला घरी त्यांनीच आणलं होतं, आठवतं? धाकट्याला सुट्टी नव्हती. मी मागच्या सीटवर आडवी होते. ते इतकी हळू गाडी चालवत होते, प्रत्येक खड्ड्याला "सॉरी वहिनी" म्हणत होते. मी घरी येऊन तुम्हाला म्हटलं होतं, असा माणूस मिळायला नशीब लागतं.

काल दिवसभर माझ्या कानात तेच "सॉरी" होतं. ठकीला भरवताना चमचा हवेतच राहिला, ती तोंड उघडून बसली होती.

आणि तुम्ही मला विचारताय काय करू? मला विचारताय? जा आणि सांगा तिला. अठ्ठावीसच्या आधी. भूल देण्याआधी तिथले लोक कागदावर सही घेतात. मी दोनदा केली आहे. ती सही तिच्याकडून खोटं सांगून घेतली जाऊ नये. हे पत्र हातात पडेल त्या दिवशी जा.


२ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र बारा तारखेला मिळालं. मी त्या दिवशी गेले नाही. आधीच कबूल करते.

मी धाकट्याशी बोलायचं ठरवलं, कारण वाटलं, त्यानेच तिला सांगावं. तो शाळेत आला, ऑफिसच्या बाकावर बसला. म्हणाला, "ताई, हे एक होऊन जाऊ दे. डॉक्टर म्हणतील काही दोष सापडत नाही, मग मी दत्तकाचं काढतो. ती आनंदाने तयार होईल. कुणालाच काही कळायला नको." त्याने हे इतक्या शांतपणे सांगितलं, जणू सगळ्यांची सोय बघतोय. मी त्याला चार दिवस दिले. मग आणखी चार. सत्तावीस उजाडली तरी तो बोलला नव्हता.

अठ्ठावीसला सकाळी आठ वाजता मी दवाखान्यात पोचले. तिच्या डोक्यावर ती कागदाची टोपी होती, मनगटाच्या मागे सुई लावून पट्टी मारलेली. धाकटा खाली औषधं आणायला गेला होता. तिने माझा हात धरला. म्हणाली, "बरं झालं आलात ताई. भीती वाटतेय."

मी म्हटलं, "ऑपरेशन करू नकोस. तुला काहीही झालेलं नाही."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"मी सांगतेय."

आणि सांगितलं. सतरा वर्षं वय होतं तिथपासून अर्जावरच्या अक्षरापर्यंत, दोन्ही डब्यांपर्यंत. तुझ्याबद्दल सांगितलं, ठकीबद्दलही.  माझं संपल्यावर तिने चष्मा मागितला. तो उशाशी होता, मी दिला. तो डोळ्यांवर चढवून तिने माझ्याकडे नीट पाहिलं, जणू इतका वेळ कोण बोलत होतं तेच तिला कळलं नव्हतं. मग नर्सला हाक मारली. "ही सुई काढा."

"अहो, आता तुम्हालाच न्यायचंय आत."

"काढा."

तेवढ्यात धाकटा औषधांची पिशवी घेऊन दारात आला. तिने विचारलं, "तुम्हाला गालगुंड झाले होते?"

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मी विचारतेय."

"झाले होते लहानपणी. सगळ्यांनाच होतात."

"सतरा म्हणजे लहान?"

तो पिशवी पलंगावर ठेवत म्हणाला, "एवढंच असेल तर मी पुन्हा तपासून घेतो. आजच घेतो."

"या वेळी कुणाची डबी?" ती म्हणाली.

आवाज चढवला नाही तिने. शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा वळली नाही. पण धाकट्याने भिंतीला हात टेकला, आणि माझ्या डोळ्यांसमोर माझा भाऊ, अडतीस वर्षांचा माणूस, हळूहळू खाली बसला. मला त्याला उठवावंसं वाटलं. वहिनी, खरं सांगते, मला त्याची दया आली. सतराव्या वर्षी त्याचा काय गुन्हा होता? तापाने फणफणला होता, रडत होता. ते कुणी तेव्हाच नीट सांगितलं असतं त्याला, की आजार आहे, लाज नाही. पण ती दया मला वर येऊ देता येईना, कारण समोर ती एका हाताने पट्टीखालचं रक्त दाबून धरत, दुसऱ्या हाताने पायात बूट चढवत होती.

ती तिच्या बहिणीकडे गेली आहे. तुझा पत्ता मागितला. मी दिला, तुला न विचारता. आई माझ्याशी बोलत नाही. हे गाळ्यावरच झोपतात. मी थांब म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

ताई


१९ एप्रिल

ताई,

ती आली होती, शनिवारी, आमची जेवणाची सुट्टी होती तेव्हा. दार वाजवलं नाही, काचेतून आत बघत उभी होती. मी ओळखलं नाही, कशी ओळखणार? पण ती जशी उभी होती ना, पर्स पोटाशी धरून, डॉक्टरांच्या बाहेर उभं राहावं तशी, त्यावरून कळलं.

मी तिला उंच स्टुलावर बसवलं, दुसरी खुर्ची नव्हती. आजूबाजूला सगळीकडे साचे, वरचे जबडे, खालचे जबडे. तिने एक हातात घेऊन उलटा करून पाहिला, जागेवर ठेवला. पहिला प्रश्न विचारला तो असा, "पोट किती दिवस दुखायचं?"

मी म्हटलं, "आठवडाभर. पण हसलं की महिनाभर."

"मग ठीक आहे. आमच्याकडे हसण्यासारखं फार नव्हतं."

यावर आम्हा दोघींना थोडं हसू आलं. फार नाही. मग तिने ठकीचा फोटो पाहायला मागितला. मला वाटलं बघून रडेल. नाही रडली. बराच वेळ बघितला आणि विचारलं, "तुम्हाला कधी संशय आला नाही? याला माहीत आहे, असं एकदाही वाटलं नाही?"

मी नाही म्हणणार होते. आणि तेव्हा मला एक गोष्ट आठवली, जी मी तुम्हालाच काय, माझ्या आत्ताच्या नवऱ्यालाही कधी सांगितलेली नाही. कोर्टात कागद झाले त्या दिवशी त्याने माझी बॅग पायऱ्यांवरून खाली आणून दिली. गाडी यायची होती. तो म्हणाला, "तुझ्यात काही दोष नव्हता." एवढंच. मी चार वर्षं ते वाक्य जपलं. त्या घरातून मी काही आणलं असेल तर तेवढंच, असं मला वाटायचं. ज्या ज्या दिवशी मला स्वतःची किळस यायची, त्या दिवशी मी ते काढून बघायचे. म्हणायचे, माणूस वाईट नव्हता. निदान शेवटी माझं मन राखलं.

हे सगळं मी तिला सांगितलं. सांगता सांगताच कळलं मला, की तो मन राखत नव्हता. तो एक खात्रीची गोष्ट सांगत होता. फक्त ती त्याला माहीत होती, मला नव्हती.

मी थांबले. ती माझ्याकडे बघत होती. 

"मलाही म्हणाले होते," ती म्हणाली. "लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात. मी विचारलं होतं, तुमच्या पहिल्या बायकोचं नेमकं काय होतं? म्हणाले, तिच्यात काही दोष नव्हता. मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस मिळाला. माझ्या बहिणीला फोन करून सांगितलं होतं मी ते."

 सुट्टी संपली, बाकीच्या आत आल्या, भट्टी लागली. मालकीणबाईंनी काही न विचारता दोन कप चहा आणून ठेवला आणि तो तसाच निवला.

ताई, मला तुमच्यावर राग आहे. त्या बैठकीतल्या वाक्यासाठी आहे आणि त्या सोळा दिवसांसाठीही आहे. तो जाईल की नाही, मला सांगता येत नाही, आणि तुम्ही पत्रातून विचारू नका. पण दवाखान्यात तुम्ही गेलात, तेही मी पाहिलंय.

बावीस तारखेला सोमवार आहे. ती वकिलाकडे जातेय. एकटी जाणार नाही, मी माझी फाइल घेऊन सोबत जाणार आहे. माझ्या नवऱ्याने सुट्टी काढली आहे, तो ठकीला सांभाळेल. वकील पहिला प्रश्न हाच विचारेल, की अर्जावरचं अक्षर कुणाचं, आणि हे शपथेवर कोण सांगेल. भाऊ तुमचा आहे आणि यजमानही तुमचेच आहेत. तिने तुम्हाला विचारू नका असं बजावलंय. मी विचारतेय.


२१ एप्रिल, शाळेच्या शिपायाच्या हाती

वहिनी,

मी सांगेन. कुठे यायचं आणि किती वाजता, ते याच शिपायाकडे लिहून दे.

ताई